किरकोळ बदल करून

तिला सगळे गुणी म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव निराळं होतं आणि शोधनिबंधांवर ते रीतसर छापूनही येत होतं, पण प्रयोगशाळेत ते कुणाच्या तोंडात बसलंच नाही. गुणी हे नाव सरांनी दिलं. सर म्हणजे तिचे पीएचडीचे मार्गदर्शक. उंचेपुरे, खाण्याचे शौकीन, कोट्या करण्यात पटाईत. विद्यार्थ्यांना घरच्या पोरांसारखं वागवत, म्हणजे हक्काने राबवून घेत.

झालं असं, की रोपवाटिकांमधली कोवळी रोपं बुंध्यापासून काळी करून मारणारी एक बुरशी होती. रोप आडवं पडल्यावर ती कुणालाही ओळखू येई, पण तोवर वाफ्यातली आजूबाजूची सगळी भावंडं तिच्या तावडीत सापडलेली असत. पानाच्या चिमटीभर तुकड्यातून तिचा डीएनए आधीच पकडता यायला हवा होता. सरांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी त्यावर डोकं आपटून शेवटी हात टेकले होते. गुणी आली, तिने प्रयोग लावला आणि पहिल्याच खेपेला जेलवर लख्ख पट्टा उमटला. सर त्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "पोरीच्या हाताला गुण आहे." संध्याकाळपर्यंत तिचं नाव गुणी पडलेलं होतं. नवे प्रायमर त्याच आठवड्यात आले होते हे खरं, पण ट्यूबचं कौतुक कोण करतं?

प्रायमर म्हणजे काय ते एकदाच सांगून टाकलेलं बरं. पीसीआर हा शब्द आता नाकात काडी घालून घेतलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. डीएनएच्या एका तुकड्याच्या लाखो नकला काढायच्या, म्हणजे जेल नावाच्या पारदर्शक वडीवर तो पट्ट्यासारखा दिसण्याजोगा होतो. नक्कल कुठून सुरू करायची हे दाखवायला वीसेक अक्षरांचा एक छोटा तुकडा लागतो, तो प्रायमर. अक्षरं चारच असतात, ए, टी, जी आणि सी. त्यांचा क्रम लिहून कंपनीला कळवला की तो तुकडा ट्यूबमधून दारात येतो. मधलं एखादं अक्षर चुकलं तर एक वेळ निभावतं. शेवटचं चुकलं तर निभावत नाही, कारण नक्कल तिथूनच पुढे सरकायची असते.

विज्ञानात हातगुण वगैरे काही नसतं, असं शास्त्रज्ञ मंडळी जगाला ठासून सांगतात. आपापसांत मात्र त्यांच्याइतकी भाबडी जमात नाही. अमक्याच्या हाताखाली पेशी वाढतात, तमक्याच्या हाताखाली सुकतात, हे त्यांच्या चहाच्या टेबलावर रोज चालतं. कुणाचा पिपेट लाभतो, कुणाची खुर्ची लाभत नाही. गुणीही त्यातलीच. आपल्या हाताला गुण आहे हे तिने मनोमन मान्य करून टाकलं, आणि माणूस स्वतःबद्दलची चांगली बातमी दोनदा तपासून बघत नाही.

पेपर छापून आला तेव्हा पहिलं नाव तिचं होतं, मधे सरांच्या तंत्रज्ञाचं आणि शेवटी सरांचं. या धंद्यात पहिलं नाव राबणाऱ्याचं असतं आणि शेवटचं मालकाचं. प्रायमर सरांनी स्वतः बेतले होते, मागवले त्यांनीच, आणि छपाईआधीची मुद्रितंही त्यांनीच वाचली. गुणीच्या हातात आली ती फक्त ट्यूब. तिच्या टोपणावर सरांच्या अक्षरात बुरशीचं आद्याक्षर होतं, बस्स.

पेपर गाजला. दुसऱ्या कुणी आपल्या लेखात तुमच्या लेखाचा हवाला दिला की त्याला सायटेशन म्हणतात, आणि संशोधकाची किंमत आता त्याच मापाने होते. गुणीचा पेपर वर्षानुवर्षं हवाले खेचत राहिला. सगळीकडे तिचं आडनाव आणि पुढे 'आणि इतर' असं छापून यायचं. पुढे लग्न झाल्यावर तिच्या नवऱ्याला हे इतकं आवडलं, की तो सरांचा उल्लेखच 'आणि इतर' असा करू लागला. सरांचा फोन आला की तो पलीकडच्या खोलीतून ओरडायचा, "अगं, आणि इतर बोलताहेत."

तक्रारीही सुरुवातीपासून होत्या. ठिकठिकाणचे संशोधक कळवत, की पेपरात लिहिल्याप्रमाणे सगळं केलं, पट्टा काही येत नाही. जे सरांना विचारत त्यांचं काम पुढेमागे मार्गी लागे. काही महिन्यांनी त्यांचा पेपर येई, त्यात 'गुणी आणि इतर यांच्या पद्धतीने, किरकोळ बदल करून' असं वाक्य असे (तिथे अर्थात तिचं खरं आडनाव असे), आणि लेखकांच्या रांगेत कुठेतरी सरांचंही नाव असे. गुणीला त्यात काही वावगं वाटलं नाही. सरांनी मदत केली, त्यांनी नाव घातलं, जगरहाटीच आहे. किरकोळ बदल वाचून ती जराशी हसायची. नाचता येईना अंगण वाकडं.

जे तिलाच विचारत त्यांना ती मनापासून उत्तरं देई. तापमान एक अंशाने खाली आणा, पाणी बदला, एन्झाइम ताजं घ्या. एवढं करूनही जमलं नाही तर शेवटी सौम्य शब्दांत कळवी, की हा थोडा हाताचाही प्रश्न असतो.

त्यांतली एक बाई तर परगावाहून उठून आली. तिच्या प्रयोगशाळेतली पानं बर्फाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली होती. लांबचा प्रवास केलेला, डब्यातून पाणी ठिबकून साडीचा ओचा भिजलेला. लॅबमध्ये तिचं नाव लगेच बर्फवाली पडलं. सर त्या दिवशी बाहेरगावी होते. गुणीने बर्फवालीच्याच पानांवर, तिच्या डोळ्यांदेखत, आपल्या ट्यूबमधले प्रायमर घालून प्रयोग करून दाखवला. पट्टा आला. बर्फवाली बराच वेळ बघत राहिली. मग तिने संकोचत विचारलं, की या ट्यूबमधले दोन थेंब नेले तर चालतील का. गुणीने सरांना फोन लावला. सर म्हणाले, ट्यूब लॅबबाहेर जायची नाही, पेपरात सगळं दिलेलं आहे. मग गुणीने तिला थेंबांऐवजी धीर दिला. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, हातगुण असतो एकेकाचा. बर्फवालीने डबा उचलला आणि गेली. वर्षभरात तिने संशोधन सोडल्याचं कानावर आलं. रक्त-लघवी तपासण्याची छोटी लॅब टाकली म्हणे.

पुढे गुणीला दुसऱ्या शहरातल्या संस्थेत नोकरी लागली, तेव्हा निघताना तिनेही सरांकडे तीच ट्यूब मागितली. सर हसले. "स्वतःचा पेपर आहे तुझा. त्यातून बघून मागव की. लेकीने सासरी जाताना माहेरचं तिखटमीठ नेऊ नये." तीही हसली. नव्या जागी तिने पेपर उघडून त्यातला क्रम जसाच्या तसा उतरवला, प्रायमर मागवले आणि प्रयोग लावला. जेल काळंभोर आलं. पट्टा नाही, पट्ट्याची सावलीही नाही.

तिने पाणी बदललं, एन्झाइम बदललं, शेजारच्या विभागातलं यंत्र उसनं घेतलं. दुसऱ्यांना जे जे सांगत आली होती ते ते सगळं स्वतः करून पाहिलं. पेपर तेवढा तपासायचं सुचलं नाही. आपल्याच नावाने, सरांच्या नजरेखालून छापलेलं अक्षर चुकीचं असेल, हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. ही चूक फक्त प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाकडूनच होते. बाहेरचा एखादा अडाणी म्हणाला असता, आधी ते लिहिलेलं बरोबर आहे का बघा.

मुलगी त्याच सुमारास झाली होती. एका दुपारी तिला कडेवर घेऊन गुणीने सरांना फोन केला आणि म्हणाली, की सर, माझ्या हातून होत नाहीये. सर मायेने म्हणाले, "हातगुण आहे तो, येतो तसा जातोही. संसारात जीव गुंतला की हात जड होतो. तू शिकवायला लाग. छान शिकवशील." फोन ठेवल्यावर ती खूप रडली, पण सरांवर रागावली नाही. रागावली ती स्वतःच्या हातावर.

आणि खरंच शिकवायला लागली. बरं शिकवलं तिने. विद्यार्थ्यांचे वर्ग, प्रात्यक्षिकं, परीक्षा, मधूनच एखादा फुटकळ लेख. मुलगी मोठी झाली, केस पांढरे झाले. तिच्या प्रकाशनांची यादी म्हणजे एक डोंगर आणि बाकी ढेकळं. डोंगर म्हणजे तो जुना पेपर. सुट्टीच्या सकाळी नवरा फोनवर तिचं पान उघडून सामन्याची धावसंख्या सांगावी तशी सायटेशन्स सांगायचा. आकडा बसल्याजागी वाढायचा. "काही न करता वाढणारं हे एक आणि माझं पोट," असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

मग संस्थेत प्राध्यापकाची जागा निघाली. त्या जागेबरोबर वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळणार होती. तिथे एक धुण्याचं बेसिन होतं, एक जुनं पण चालतं पीसीआरचं यंत्र, आणि खिडकीशी लांब ओटा. गुणी येताजाता त्या बंद खोलीच्या काचेला नाक लावून आत बघायची. शिकवणं सुटावं असं तिला वाटत नव्हतं, पण मरण्याआधी एकदा पुन्हा आपल्या हाताने काहीतरी करून बघावं, हात उरलाय का ते पाहावं, एवढीच तिची इच्छा होती. अर्जाला प्रकाशनांची यादी, सायटेशन्सचा आकडा आणि एका थोर माणसाची शिफारस हवी होती. आकडा दांडगा होता. शिफारस सरांनी आनंदाने कबूल केली. आता खोली आपलीच, असं नवऱ्याने घरात जाहीरसुद्धा करून टाकलं.

सरांच्या पंच्याहत्तरीचा समारंभ त्याच महिन्यात होता. जुन्या प्रयोगशाळेच्या सभागृहात सगळे शिष्य जमले होते. पडद्यावर सरांच्या पेपरांचा आलेख चढताना दाखवला गेला. सर उत्तराला उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत सभागृह खिशात घातलं. आमच्या काळी उचलेगिरी फार, ते सांगत होते. आज पेपर छापला की उद्या कुणीतरी तेच करून पुढे पळायचा. "मग मी एक युक्ती काढली. प्रायमर छापताना शेवटचं अक्षर बदलून द्यायचो. ज्याला गरज असेल तो येईल विचारायला. आणि यायचे हो. रांग लागायची." हशा उसळला. सरांनी पहिल्या रांगेत बसलेल्या गुणीकडे बोट केलं. "ही आमची गुणी. तो बुरशीचा पेपर हिचा. हिलासुद्धा पत्ता नव्हता."

सभागृह पुन्हा हसलं. गुणीही हसली. सगळ्यांबरोबर, चांगली तोंडभर हसली. सर विनोद करतात तेव्हा हसायचं ही तिची इतकी जुनी सवय होती, की अर्थ पोचायच्या आधी हसू पोचलं. 

चहाच्या वेळी तिने त्यांना खांबाआड गाठलं. सरांच्या हातात सामोशाची बशी होती. ती म्हणाली, की मी नव्या जागी पेपरातूनच प्रायमर मागवले होते, तुम्हीच मागवायला सांगितले होते, आणि होत नाही म्हणून फोनही केला होता.

"केला होतास," सर म्हणाले. "पण अक्षर बरोबर आहे का, असं कुठे विचारलंस? विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

एवढं बोलून ते दुसऱ्या कुणाच्या नमस्काराला वळले.

घरी आल्यावर तिने कपडेसुद्धा बदलले नाहीत. त्या बुरशीचा सबंध डीएनए आता जगजाहीर होता, कधीही उघडून बघावा. तिने उघडला, त्याच्या शेजारी आपला पेपर ठेवला आणि बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवत गेली. सगळी जुळली. शेवटचं नाही. पेपरात जी होतं, बुरशीत ए.

मग ती सायटेशन्सकडे वळली. आजवर तिने फक्त आकडा बघितला होता, आकड्याच्या आत कधी डोकावली नव्हती. आता एकेक लेख उघडत गेली. किरकोळ बदल करून. किरकोळ बदल करून. आणि दर ठिकाणी लेखकांमध्ये सरांचं नाव. तो बदल काय होता ते कुणीही लिहिलं नव्हतं. सरांकडे जायचं, खरं अक्षर घ्यायचं, बदल्यात त्यांचं नाव घालायचं आणि गप्प बसायचं, असा तो व्यवहार होता. तिच्या नावाचा पेपर म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ, आणि तिला वाटत होतं, मासे आपल्याला भेटायला येताहेत. याला मराठीत केसाने गळा कापणं म्हणतात. कापला जाताना कळतसुद्धा नाही, उलट गुदगुल्या होतात.

"फसवलं मला," ती नवऱ्याला म्हणाली. "परक्यांना फसवलं ते फसवलं. मला का?"

नवऱ्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, थोडं पाणी टेबलावर सांडून. तो विमा कचेरीतला साधा माणूस, आणि हाताने जगातला सर्वांत वेंधळा. त्याच्या हातून कप निसटतात, किल्ल्या वाकतात, बटणं तुटतात. मुलगी त्याला फोडाफोडी खातं म्हणते. त्याच्याकडे बघता बघता गुणीच्या मनात एक प्रयोग तयार झाला. खरं तर असा प्रयोग तिने तेव्हाच करायला हवा होता.

तिने दोन्ही प्रायमर मागवले, एक छापलेला आणि एक खरा. रविवारी सकाळी संस्थेची प्रात्यक्षिकांची खोली उघडून घेतली आणि नवऱ्याला पांढरा कोट चढवला. कोट पोटावर बसेना. खऱ्या अक्षराची ट्यूब तिने त्याच्याकडे दिली आणि छापील अक्षराची स्वतः घेतली. बाकी सगळं एकच, पान एक, पाणी एक, यंत्र एक. त्याने पिपेट उलटा धरला, एक थेंब ओट्यावर सांडला, एक स्वतःच्या बाहीवर. जेल भरताना हात असा थरथरत होता, की निम्मं द्रावण खाचेबाहेर गेलं. गुणीने काहीही दुरुस्त केलं नाही. स्वतःचं काम मात्र तिने जन्मात केलं नसेल इतकं नेटकं केलं.

जेल निळसर उजेडावर ठेवलं. नवऱ्याच्या रांगेत पट्टा होता. वेडावाकडा, एका बाजूला ओघळलेला, पण लख्ख.

"आलं की गं," तो हरखून म्हणाला. "मला जमलं." मग त्याने शेजारची रांग पाहिली. ती काळी होती. तिच्याकडे पाहिल्यावर त्याने घाईघाईने कोट काढायला घेतला.

गुणी स्टुलावर बसली आणि रडायला लागली. रडताना म्हणाली, की इतकी वर्षं मी या हाताला शिव्या दिल्या रे. बाळंतपणाला दिल्या. पोरीला कडेवर घेऊन वाटायचं, हिच्यापायी माझा हात गेला. असं वाटलंय मला, आईला असं वाटलंय. नवरा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. तिला जितकं हातगुण खोटा ठरल्याचं दुःख होतं, तितकंच हात कधी बिघडलाच नव्हता याचंही होतं. दोन्ही एकदमच कळल्यामुळे कुठल्यासाठी रडतोय तेही तिला कळेना.

दुरुस्ती छापायची तर सगळ्या लेखकांची सही लागते. तंत्रज्ञ वारले होते. राहिले सर. तिने फोन केला. नवरा पलीकडच्या खोलीत होता, पण या वेळी तो ओरडला नाही.

सरांनी आधी गंमतीत घेतलं. मग म्हणाले, की या पेपरावर तुझी सगळी सायटेशन्स उभी आहेत आणि माझी शिफारसही, निवड आठवड्यावर आलेली असताना हात दाखवून अवलक्षण कशाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, गुणी. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, की माझ्या हातून होत नाही म्हणून मी फोन केला होता, तेव्हा एक अक्षर सांगायला तुमचं काय जात होतं.

फोनवर चमचा कपात फिरल्याचा आवाज आला.

"एका बुरशीवर दोन दुकानं चालत नाहीत," सर म्हणाले. "तुझ्या हाताला खरंच गुण होता. तू तिकडे उभी राहिली असतीस तर माझ्याकडे कोण आलं असतं? आणि तुझं काय वाईट झालं? नाव झालं, नोकरी झाली. आता खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस."

"सही करणार का, सर?"

त्यांनी केली नाही.

दुरुस्ती तरीही छापून आली. संपादकांनी बरीच पत्रापत्री केली, जेलची चित्रं मागवली, आणि अखेर तिच्या एकटीच्या नावाने एक ओळ छापली, की अमुक पेपरातल्या प्रायमरचं शेवटचं अक्षर जी छापलं आहे ते ए असं वाचावं. खाली बारीक टाइपात, अन्य लेखकाची संमती मिळाली नाही, असं होतं. नवऱ्याने ती ओळ मोठ्याने वाचली, इकडेतिकडे शोधलं आणि म्हणाला, या खेपेला आणि इतर नाहीत. ती थोडी हसली.

मुलाखतीत समितीने फार काही विचारलं नाही. सरांची शिफारस वेळेत पोचली नव्हती. एका सभासदाने चष्म्यावरून बघत म्हटलं, की आपला मुख्य पेपर इतकी वर्षं चुकीचा होता आणि आपल्याला कळलं नाही, हे जरा विचित्र आहे. गुणी म्हणाली, हो, विचित्रच आहे. कोपऱ्यातली खोली दुसऱ्याला मिळाली. सायटेशन्सचा आकडा मात्र वाढतच राहिला, कारण आकड्याला कौतुक आणि शिवी यांतला फरक कळत नाही. आता तर दुरुस्तीचाही हवाला देऊ लागले लोक.

एक काम उरलं होतं आणि ते तिने बरेच दिवस ढकललं. शेवटी एका दुपारी, तास संपल्यावर, रिकाम्या वर्गात बसून तिने बर्फवालीचा नंबर शोधून काढला. तिची रक्त तपासायची लॅब अजून चालू होती. फोन तिनेच उचलला. मागे कुणाचं तरी लहान मूल सुई बघून भोकाड पसरत होतं. गुणीने आपली ओळख सांगितली. बर्फवालीला ओळख पटायला वेळ लागला नाही, असली माणसं विसरली जात नाहीत. गुणीने सगळं सांगितलं, सरांची युक्ती, शेवटचं अक्षर, ट्यूब, आणि त्या दिवशी आपण काय बोललो तेही. म्हणाली, की मला माहीत नव्हतं, पण बोलले मीच.

"तुमचा हात चांगला होता," गुणी म्हणाली. "अक्षर चुकीचं होतं."

पलीकडे मूल रडायचं थांबलं होतं. बर्फवालीने कुणाला तरी दार लोटून घ्यायला सांगितलं.

"ही लॅब काढल्यापासून," ती म्हणाली, "मी एकदाही सुई हातात धरलेली नाही. रक्त काढायला मुली ठेवल्यात. पेशंट म्हणतात, बाई तुम्ही काढा, तुम्ही शिकलेल्या. मी सांगते, नको, माझा हात बरा नाही."